पहारेकरी टोमॅटो

हेमांगी नाफडेला त्या कपाटातून तीन गोष्टी मिळणार होत्या. एक, भाजी. दुसरी, नणंदेचं तोंड बंद. तिसरी तिनं कुणालाच सांगितली नव्हती, आणि खरं तर कपाट घेतलं होतं ते तिसरीसाठीच.

भाजीचं कारण चारचौघांत सांगण्यासारखं होतं. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या त्यांच्या सोसायटीत मातीच्या कुंड्यांवर केव्हाच बंदी आली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी हौसेच्या अळूनं दुसऱ्या मजल्यावरचं छत गळायला लावलं, तेव्हापासून बाल्कनीत माती दिसली की कमिटीचं पत्र येई. आणि उन्हाळ्यात पाणी टँकरचं, त्यामुळे बाजारातली कोथिंबीर अशी महाग, की भाव विचारणाऱ्याकडे भाजीवाली आधी कीव केल्यासारखी बघायची.

नणंदेचं कारण घरातल्या घरात सांगण्यासारखं होतं. माधवीताई संगमनेरला राहायच्या. घरामागे परस, परसात विहीर. दर खेपेला पिशवीभर मेथी घेऊन यायच्या आणि जाताना म्हणायच्या, "विकतचं खाऊन माझ्या भावाचा रंग उतरला गं." मेथी दोन दिवसांत संपायची. वाक्य पुढच्या खेपेपर्यंत पुरायचं.

आणि तिसरं कारण म्हणजे खुद्द माधवीताईंचा भाऊ.

गिरीशच्या हृदयाची एक नळी तीन वर्षांपूर्वी तुंबली होती. कॉलेजपासून ओढलेल्या सिगारेटींचा डॉक्टरांनी त्याच्यासमोर उद्धार केला. घरी आल्यावर तो "सोडली" एवढंच म्हणाला आणि खरोखरच सोडल्यासारखा वागू लागला. हेमांगीला खटकलं ते हेच. ती हायस्कूलमध्ये गणित शिकवून निवृत्त झाली होती, आणि तिच्या आयुष्यभराच्या पर्यवेक्षणाचा निष्कर्ष असा होता, की परीक्षेत जो मुलगा फार शांत बसतो त्याच्या बुटात चिठ्ठी असते. गिरीशनं चिडचिड केली नाही, कुणावर भांडी आपटली नाहीत. रोज संध्याकाळी तेवढा "पाय मोकळे करून येतो" म्हणून खाली जायचा आणि परत यायचा तो बडीशेप चघळत. ज्या माणसानं स्वतःच्या लग्नातला विडासुद्धा नको म्हटला होता, त्याला साठीत बडीशेप का लागावी?

तिनं विचारलं नाही. विचारलं की मुलं चिठ्ठी गिळतात.

अशात एका प्रदर्शनात तिला घरात भाजी पिकवायचं ते कपाट दिसलं. विकणारी मुलगी, आफ्रीन, पाठ केलेलं बोलत होती, "आणि मॅडम, यात एक पहारेकरी टोमॅटो येतो. घरात धूर झाला, गॅस झाला, की तो ओळखतो. लगेच फोनवर सूचना."

"सिगारेटचा धूर?" हेमांगीनं पालकाचं पान चाचपत, अगदी सहज विचारलं.

"एका सिगारेटचासुद्धा."

हेमांगीनं तिथल्या तिथे नाव नोंदवलं.

*

कपाट बसवायला आफ्रीनच आली. काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत पुरुषभर उंचीचं ते कपाट उभं राहिलं. चार आडवे कप्पे, वर जांभळट दिवे, खाली पाण्याची टाकी. कप्प्यांना गोल भोकं आणि भोकांत जाळीचे कप. कपात नारळाच्या भुशाची वडी, वडीत बी. एवढाच संसार.

"माती कुठे घालायची?" गिरीशनं विचारलं.

"घालायचीच नाही काका."

मातीबद्दल माणसाचा एक गोड गैरसमज असतो, की झाड माती खातं. झाड मातीतलं विरघळलेलं मीठ तेवढं पितं. नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, लोह आणि चिमूटचिमूट बाकीचं. माती धरून ठेवते आणि साठवून ठेवते, हॉटेलच्या इमारतीसारखी. जेवण नेमकं पानात आणून दिलं तर इमारत नसली तरी चालतं. मुळं पाण्यात लोंबकळतात, पंप त्या पाण्यात हवेचे बुडबुडे सोडतो, कारण मुळांनाही श्वास लागतो, आणि टाकीत दोन बाटल्यांतून खुराक जातो. अ बाटली आणि ब बाटली.

"दोन कशाला? एकच द्यायची ना," हेमांगी म्हणाली.

"एकत्र नाही करायचं मॅडम. आधी अ पाण्यात, ढवळायचं, मग ब."

आफ्रीन गेल्यावर हेमांगीनं दोन्ही बाटल्यांतलं औषध एकाच पेल्यात ओतून घेतलं. मोजून घालणं तिच्या घराण्यात नव्हतं. आमटीत गूळ मोजत नाही तर पालकाचं काय. पेल्यात क्षणात ताकासारखं पांढरं फुटलं आणि तळाशी खडूची भुकटी बसली.

गिरीशला बोलवावं लागलं. तो वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाला होता. नाशिक जिल्ह्यातल्या निम्म्या तराजूंनी त्याला बघून अंग चोरलं होतं. त्यानं पेला उजेडात धरला.

"एकात कॅल्शियम आहे, दुसऱ्यात स्फुरद. घट्ट असताना भेटले की दगड होतात. पाण्यात भेटले की भांडत नाहीत."

"आपल्यासारखं," हेमांगी म्हणाली.

"आपण पाण्यात कुठे भेटतो?"

त्या दिवसापासून कपाट गिरीशचं झालं. पाण्याची आंबटता रोज सकाळी बघणं, टँकरचं जड पाणी गाळून घेणं, मुळं पांढरी आहेत की तपकिरी होताहेत ते कप उचलून तपासणं. मुळं पांढरी तर झाड सुखी, तपकिरी आणि बुळबुळीत तर कूज. हे त्यानं हेमांगीला इतक्या वेळा सांगितलं, की तिला स्वप्नात मुळं दिसायला लागली. पहिलं बी उगवलं ते लांबट, पांढुरकं, मान टाकलेलं. दिवा फार उंच होता. तो खाली आणल्यावर दुसरी पेरणी नीट आली. मग पालक आला, कोथिंबीर आली, माठ आला. कोथिंबिरीची पहिली जुडी कापली तेव्हा गिरीशनं ती घरातल्या काट्यावर ठेवून बघितली आणि समाधानानं मान हलवली. वजन किती भरलं ते सांगत बसला नाही, हीच त्याच्या आनंदाची खूण.

माधवीताई आल्या, कपाटासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे म्हणजे सलाइनवरचे पेशंट झाले गं."

"जेवताना सांगा," हेमांगी म्हणाली.

जेवताना माधवीताईंनी पालकाची भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. हेमांगीनं मनातल्या मनात दुसऱ्या कारणापुढे बरोबरची खूण केली.

सकाळचा चहा आता कपाटापाशी होऊ लागला. हेमांगी तिच्या जुन्या लाकडी स्टुलावर आणि गिरीश खुर्चीत. दुपारी बाकी घर तापायचं तेव्हा पाण्याच्या गारव्याला ती तिथल्या दिवाणावरच पडायची. आणि सगळ्यांत खालच्या कप्प्यात, स्टुलाला लागूनच, तो पहारेकरी टोमॅटो. वीतभर बुटका, फळ न धरणारा. बाकी झाडं जेवायला होती, हा नोकरीला होता.

त्याची नोकरी समजून घ्यायला हवी. इथिलीन नावाचा एक साधा वायू आहे, दोन कार्बन आणि चार हायड्रोजन. झाडं तो स्वतः तयार करतात आणि एकमेकांना निरोप द्यायला वापरतात: पिका, गळा, सावध व्हा. पण तोच वायू धुरातही असतो, आणि झाडाला निरोप कुणी पाठवला ते कळत नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी रस्त्यावर गॅसचे दिवे असत, तेव्हा गळक्या नळांशेजारची झाडं अवेळी पानं टाकायची, ती याच्यामुळे. टोमॅटो या बाबतीत विशेष हळवा. वायूचा अंश लागला की पानाच्या देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा भराभर वाढते आणि पान खाली वाकतं. शास्त्रज्ञांनी एका बुटक्या जातीत हा हळवेपणा कित्येक पटींनी वाढवला होता. मुळांपाशी दोन बारीक तारा बसवल्या, की पान वाकायच्या आधी मुळांतून जी विजेची शिरशिरी जाते तीही वाचता यायची. हेतू एवढाच, की बाकीच्या भाज्या बिघडायच्या आत घरमालकाला कळावं.

हेमांगीला मात्र भाज्या बिघडायच्या आत नवरा कळायला हवा होता. सूचना फक्त तिच्या फोनवर येतील अशी व्यवस्था तिनं पहिल्याच दिवशी केली होती.

चार महिने फोन गप्प होता. तिला जरा फसल्यासारखंच वाटलं.

*

मे महिन्यात फोन बोलला. "धूरसदृश वायू आढळला."

हेमांगी भाजी निवडत होती. गिरीश नुकताच फिरून आला होता, बडीशेप तोंडात. तिनं फोन उपडा ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी सकाळी टोमॅटोची पानंच खाली वाकलेली होती, मुख्याध्यापकांसमोर उभ्या केलेल्या पोरासारखी.

ती पर्यवेक्षणाला लागली. शर्टाचे खिसे, गच्चीचा जिना, न्हाणीघराची झडप. काही सापडेना, तसतशी तिची खात्री वाढत गेली. हुशार मुलाची चिठ्ठी सापडत नाही, म्हणूनच तो हुशार.

रात्री जेवताना तिनं पान वाढलं आणि शांतपणे म्हणाली, "कुठे ओढतोस?"

"काय?"

"मी रागावत नाही. फक्त कुठे ते सांग."

गिरीशनं घास खाली ठेवला. "मी तीन वर्षांत हात लावलेला नाही."

तिनं फोन त्याच्यापुढे सरकवला. त्यानं सूचना वाचल्या, सगळ्या, खालपासून वरपर्यंत, एखाद्या दुकानदाराची पावती वाचावी तशा. मग त्यानं विचारलं ते तिला अपेक्षित नव्हतं.

"हे माझ्या फोनवर का येत नाही?"

तिनं फोन परत आपल्याकडे ओढला.

"भाजीसाठी नव्हतं आणलंस तू हे."

"भाजीसाठी पण आणलं होतं."

"पण," गिरीश म्हणाला. "मी आयुष्यभर लोकांच्या पारड्यांखाली चिकटवलेली चिंच शोधली हेमा. माझ्या घरात माझ्याच पारड्याखाली कुणी हात घालून बघेल असं नव्हतं वाटलं."

तो उठला, हात धुतले आणि आंबे फिरवायला गेला.

आंबे. देवगडचा त्याचा एक जुना मित्र दर वर्षी कच्चा हापूस पाठवायचा आणि त्याची आढी लावणं हा गिरीशचा वार्षिक सोहळा होता. पेंढ्याचा थर, वर आंबे, पुन्हा पेंढा, रोज रात्री एकेक हातात घेऊन हुंगून कूस बदलायची. आढी दर वर्षी बाल्कनीत लागायची. यंदा तिथे कपाट आलं, म्हणून ती लागली दिवाणाखाली, कपाटापासून हातभर. कपाटाबरोबरच्या माहितीपत्रात स्पष्ट लिहिलं होतं, पिकलेली फळं जवळ ठेवू नयेत. दोघांनीही ते वाचलं होतं. पण आढीत पिकलेली फळं कोण ठेवतो? आढीत कच्चीच ठेवतात.

दोन दिवस घरात फक्त पंपाचे बुडबुडे बोलले. तिसऱ्या दिवशी गिरीशनंच तक्रार नोंदवली आणि आफ्रीन आली. बाल्कनीत पाऊल टाकताच तिनं नाक वर केलं.

"कसला भारी वास येतोय मॅडम. हापूस ना?"

मग तिनं हातातल्या टॅबवर काहीतरी शोधलं आणि वाचून दाखवलं. पिकू लागलेला आंबा सिगारेटीपेक्षा कितीतरी जास्त इथिलीन सोडतो. एक आंबा पिकताना शेजारच्याला पिकवतो तो यामुळेच, आढी लागते ती याच्याच जोरावर. पेटीभर आंबे म्हणजे टोमॅटोच्या लेखी घराला आगच लागलेली. "सिस्टिम बरोबर होती मॅडम, पण तिला आंबा आणि सिगारेट यातला फरक नाही कळत. पुढच्या अपडेटमध्ये येईल. मला पाच स्टार द्याल ना?"

गिरीशनं तिला चार आंबे दिले.

ती गेल्यावर तो म्हणाला, "एवढंच कर. ते हवेचं वाचन बंद कर. आणि परत मला विचारायचं नाही."

"नाही विचारणार," हेमांगी म्हणाली. तिनं त्याच्यासमोर सूचना बंद केल्या. माफी मागणं तिला जमत नसे. तिनं आमरस केला, वाटीत त्याच्या आवडीची मिरपूड घातली आणि ती वाटी त्याच्यापुढे जरा जोरात ठेवली. गिरीशनं ती माफी समजून संपवली.

*

जूनच्या मध्यावर आंबे संपले. पेंढा कचऱ्याच्या गाडीत गेला, दिवाणाखाली फिनेलचं पोतेरं फिरलं. टोमॅटोनं दोन-तीन दिवसांत मान वर काढली.

आणि जुलैत ती पुन्हा खाली गेली.

फोन आता काही सांगत नव्हता. पण हेमांगीला आता फोनची गरज उरली नव्हती. देठ वरून कसा फुगतो, पान कुठल्या कोनात वळतं, ते तिला पाठ झालं होतं. ती चहाचा कप घेऊन त्या झाडाकडे बघत राहिली. समोर गिरीश मुळं तपासत होता. खोकला आला म्हणून ती जरा वळली.

"पाणी पी," तो म्हणाला.

"घसा धरलाय."

विचारायचं नाही असं कबूल केलं होतं. विचारलं आणि या वेळीही आंबाच निघाला, तर हा माणूस पुन्हा आपल्याशी मोकळेपणानं बोलणार नाही. न विचारावं, आणि तो खरंच ओढत असला, तर दुसरी नळी तुंबायची. ती गणिताची बाई होती. दोन अज्ञात संख्या असल्या की एक बाहेर काढावी लागते, हे तिनं पिढ्यान् पिढ्या पोरांना शिकवलं होतं.

तिनं संगमनेरला फोन लावला. "माधवीताई, तुमच्या विहिरीच्या पंपाचं काहीतरी बिघडलंय म्हणत होतात ना?"

"ते होय, केव्हाच झालं दुरुस्त."

"तरी गिरीशला बोलवा. पंधरा दिवस ठेवून घ्या. त्याला जरा हवापालट."

"भांडलात का गं?"

"भांडू नये म्हणून."

गिरीश गेला. हेमांगीनं बाल्कनीच्या काचा पुसल्या. घरातली केळी खालच्या वॉचमनला दिली. टोपलीतलं एकुलतं एक सफरचंदसुद्धा खाऊन टाकलं. स्वयंपाक विजेच्या शेगडीवरच होत असे, त्यामुळे गॅसचा प्रश्न नव्हता. देवापुढची उदबत्तीही तिनं बंद ठेवली. प्रयोग म्हटला की देवानंही सहकार्य करायला हवं. आता झाडानं मान वर काढली, की गुन्हेगार संगमनेरला आहे हे सिद्ध.

ती रोज सकाळी स्टुलावर बसून वाट बघत राहिली. झाडाची मान खालीच.

पाणी तपासलं, बरोबर. मुळं पांढरी. चौथ्या सकाळी तिनं कप उचलला, पाण्याच्या बरणीत ठेवला, एक दिवा वर टांगला आणि झाड आतल्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं. दोन दिवसांनी दार उघडलं तर पानं सरळ, तरतरीत, जणू काही झालंच नव्हतं. हेमांगीला हायसं वाटलं. म्हणजे दोष बाल्कनीत आहे. एखादा पाइप गळत असेल, सोसायटीची गटारं आहेतच. खात्री करायला म्हणून ती रात्री त्याच खोलीत झोपली, झाड उशाशी घेऊन.

सकाळी जाग आली तेव्हा ते तिच्याकडे मान वाकवून उभं होतं.

गणित चुकलं नव्हतं. एक अज्ञात संख्या बाहेर काढली होती आणि दुसरी बरोबर हाती लागली होती. फक्त ती दुसरी कोण, हे समीकरण मांडताना तिनं धरलंच नव्हतं. मग तिला पुन्हा खोकला आला. घसा धरलाय असं आपण कधीपासून म्हणतोय, ते तिनं आठवून बघितलं. संक्रांतीला तिळगूळ करताना म्हटलं होतं, एवढं नक्की आठवलं.

*

डॉक्टरीण तरुण होती आणि भराभर बोलायची. तिनं छातीचा स्कॅन काढायला लावला आणि पडद्यावर बोट ठेवलं. उजव्या फुप्फुसात एक ठिपका, तुरीच्या डाळीएवढा.

"लवकर आहे. काढून टाकता येईल. पुढे थोडे उपचार, पण लवकर आहे," ती म्हणाली. "अंगात असा दाह सुरू असला की श्वासात इथिलीनसारखे काही वायू हळूहळू वाढत जातात. फार सूक्ष्म. आमच्याकडे ते मोजायची रोजची सोय अजून नाही. तुम्हाला खोकल्याचा एवढा संशय कशावरून आला?"

"टोमॅटोवरून," हेमांगी म्हणाली.

डॉक्टरिणीनं पडद्यावर 'येण्याचे कारण' या रकान्यात 'इतर' निवडलं.

"तुम्ही ओढता?"

"नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"घरात कुणी?"

हेमांगीच्या डोळ्यांपुढे बाल्कनी आली. कपाट येण्याच्या आधीची, काचा बसवलेली, संध्याकाळची. घरात वास नको, तेव्हा लहान असलेल्या मुलीला त्रास नको म्हणून गिरीश नेहमी बाल्कनीतच ओढायचा, त्या बाबतीत शिस्तीचा माणूस. मधलं दार लावून घ्यायचा. आणि ती शाळेतून आली की चहाचे दोन कप घेऊन दाराच्या त्या बाजूला, बाल्कनीत जायची, याच लाकडी स्टुलावर बसायची. दिवसभर दुकानदारांशी हुज्जत घालून आलेला गिरीश बोलायचा तो तेवढ्या वेळातच. सिगारेट संपली की बोलणं संपायचं. म्हणून एक संपली की तीच कधी कधी म्हणायची, आता उठू नकोस, अजून एक ओढ.

"ओढायचे," ती म्हणाली. "आता सोडलीय."

*

गिरीश परतला तो पिशवीभर मेथी घेऊन. चपला काढल्याबरोबर कपाटापाशी गेला. पाण्याची पातळी बघितली, पालकाच्या पानाला बोट लावलं आणि खाली वाकला. टोमॅटो पुन्हा आपल्या जागी होता, मान टाकून.

तो उभा राहिला. चेहऱ्यावर जिंकलेल्या माणसाचं हसू.

"हे बघितलंस? आणि मी इथे नव्हतोच. ताईला विचार. पंधरा दिवस मी नव्हतो."

"माहितीय," हेमांगी म्हणाली.

"म्हणजे माझा संबंध नाही. आंबे पण नाहीत. आता तरी मान्य कर."

"मान्य. तू नव्हतास."

तिनं मेथीची पिशवी उचलली आणि जुडी सोडायला बसली. आपण सांगायचं की नाही, किती सांगायचं, हे तिनं बसमध्ये, जिन्यात, रात्री, सगळीकडे घोळवून पाहिलं होतं. तीन वर्षं तिला पुरावा हवा होता. आता असा पुरावा हातात होता, की तो दाखवला तर हा माणूस जन्मभर मान वर करणार नाही. ऑपरेशनचं सांगावंच लागणार होतं. कारण गाळता येईल, असं तिनं ठरवत आणलं होतं. म्हणावं, होतं एकेकाला.

पण तिनं ज्याच्याशी संसार केला होता तो निरीक्षक होता. पारडं एका बाजूला झुकलेलं दिसलं, की दुसऱ्या बाजूला काय आहे हे बघितल्याशिवाय त्याला घास जात नसे.

"मी नव्हतो," तो सावकाश म्हणाला. "फळं नव्हती. उदबत्ती?"

"बंद होती."

"मग घरात होतं कोण?"

हेमांगी मेथी निवडत राहिली. तिला खोकला आला. तिनं तो दाबायचा प्रयत्न केला, आणि तो दाबतानाच गिरीशनं तिच्याकडे बघितलं, मग झाडाकडे, मग त्या स्टुलाकडे. त्याचं हसू चेहऱ्यावरून एकदम गेलं नाही. विसरून राहिल्यासारखं थोडा वेळ तिथेच होतं.

"डॉक्टरकडे गेली होतीस."

"हो."

"काय म्हणाले?"

"लवकर आहे म्हणाल्या. काढता येईल."

तो खुर्चीत बसला, पण तिच्याकडे पाठ करून. मग म्हणाला, "संध्याकाळी मी खाली जायचो ना. कोपऱ्यावर टपरी आहे. तिथे चारजण ओढत उभे असतात. मी नुसता उभा राहायचो. वास घ्यायला. ओढली कधीच नाही. आणि कपड्यांना वास लागला असला, तरी निदान तोंडाला बडीशेपेचा यावा म्हणून बडीशेप."

"मला वाटलंच, चिठ्ठी कुठेतरी आहे," हेमांगी म्हणाली.

त्याला हसू आलं नाही. "तुला दाराच्या आतच बसायला सांगायला हवं होतं मी. तेव्हा."

"मी ऐकलं नसतं. आत बसून मला काय मिळणार होतं?"

तिनं निवडलेली मेथी पाण्यात टाकली. गिरीश उठला, स्टूल उचललं आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. मग परत आला, टोमॅटोचा कप काढला आणि तोही तिथेच, स्टुलाशेजारी नेऊन ठेवला. तिनं का म्हणून विचारलं तेव्हा म्हणाला, "ऑपरेशन झाल्यावर मान वर करतो का बघायचं. डॉक्टरांपेक्षा मला याचं वजन खरं वाटतं." आणि त्या संध्याकाळी तो पाय मोकळे करायला खाली गेला नाही.

हिशेब करायचा तर असा. कपाटानं हेमांगीला जे जे कबूल केलं होतं ते सगळं दिलं: भाजी दिली, नणंदेला गप्प केलं, आणि नवऱ्याविरुद्धचा पुरावाही आणून दिला, तोही नवरा निर्दोष ठरला त्याच दिवशी. आफ्रीनला चार आंबे मिळाले, पाच स्टार द्यायचे राहिले. माधवीताईंना भावाची पंधरा दिवस सोबत मिळाली. सिगारेटी गिरीशनं ओढल्या होत्या, आणि त्याची नळी उघडून झाली होती. संध्याकाळच्या गप्पा दोघांनी मारल्या होत्या, अगदी निम्म्या निम्म्या. ठिपका तेवढा वाटून घेता येण्यासारखा नव्हता. तो एकट्या हेमांगीच्या नावावर निघाला.